सोलिदेओ उतरवायची वेळ

१

बिशप आन्सेल्मो रविवारी गेले आणि मला ते मंगळवारी कळलं, तेही आसावरीच्या ईमेलमधून. 'रूम सेव्हनचे रेसिडेंट वारले. सामानाची यादी करायची आहे, गुरुवारी नेहमीच्या वेळी यावे.' बस्स, एवढंच. दोन वर्षं दर गुरुवारी मी त्या म्हाताऱ्यापाशी जाऊन बसत होते हे तिला पक्कं माहीत होतं. एक फोन करायला काय जात होतं? पण सहा वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत आमचं दोघींचं वाजलं, तेव्हापासून ही बाई माझ्याशी फक्त लेखी बोलते.

मी सुहासिनी. पुण्यात स्पॅनिश शिकले, लग्न करून स्टॅनमोरला आले आणि तीस वर्षं इथल्या कोर्टांत आणि हॉस्पिटलांत दुभाष्याचं काम केलं. दुभाष्याला प्रत्येक खोटं दोनदा ऐकावं लागतं, एकदा ऐकताना आणि एकदा स्वतः बोलताना. त्यामुळे माझा कान तयार झालाय आणि स्वभाव बिघडलाय, असं आमच्या मंडळात म्हणतात. दुसरं खरं आहे.

पिनरमधलं विलो हाऊस हे म्हाताऱ्यांचं केअर होम. मालक डॉ. रघुवीर, हॉस्पिटलातून रिटायर झालेले, आणि मॅनेजर त्यांची बायको आसावरी. आन्सेल्मो तिथे कसे आले, तर जन्म स्पेनचा, हयात पेरूच्या डोंगरांत बिशप म्हणून गेली, आणि म्हातारपणी इंग्लंडात बहिणीकडे आले. बहीण वारली. भाची मार्ता ब्रिस्टलला विमानांचे पंख बनवते आणि तिला स्पॅनिश येतं ते कॉफी मागवण्यापुरतं. नव्वदी ओलांडल्यावर आन्सेल्मोंचं इंग्लिश हळूहळू निघून गेलं, स्पॅनिश तेवढं राहिलं. मग मला बोलावणं आलं. डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना सांगायची, ते डॉक्टरांना शिव्या द्यायचे, मी त्या जरा धुऊन पुढे पाठवायची. उरलेला वेळ आम्ही भांडायचो. मला त्यांचा फार लळा लागला होता, हे सरळच सांगून टाकते.

गुरुवारी गेले तर दारात अंबरीश. हा डेप्युटी मॅनेजर, तिशीतला, पुण्याचाच.

"काकू, यादी करा आणि निघा प्लीज," तो म्हणाला. "केस कौन्सिलच्या सेफगार्डिंगकडे गेलीय, हयगयीची चौकशी आहे. स्टाफशी बोलायचं नाहीये."

"मी स्टाफ नाही, त्यामुळे मला तुझा नियम लागू नाही," म्हणाले आणि आत गेले.

कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर रश्मी बसली होती, अंगात कोट, मांडीवर घडी घातलेला युनिफॉर्म. नागपूरची पोर, तीन वर्षांपूर्वी केअरर म्हणून विलो हाऊसच्याच स्पॉन्सरशिपवर आलेली. नवरा नाही. मुलगी सान्वी, या मे महिन्यात तिची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी. आन्सेल्मोंची सगळी उठबस रश्मी करायची, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना त्यांचं चांगलं चालायचं.

"युनिफॉर्म परत द्यायला बोलावलं," ती म्हणाली. "काकू, माझ्यामुळे मेले म्हणून राहिले सगळे."

"काय झालं ते पहिल्यापासून सांग."

रविवारी तिची ड्यूटी पावणेअकराला सुरू झाली. त्याआधी सकाळी साडेसातपासून वरचा मजला स्वतः आसावरी बघत होती, कारण एक मुलगी आजारी पडली होती. चार्ज देताना आसावरीने सांगितलं की बिशप प्रार्थनेला बसलेत, बारापर्यंत आत जाऊ नकोस. प्रार्थनेच्या वेळी आत जायचं नाही हा नियम आन्सेल्मोंचाच होता, म्हणून रश्मी गेली नाही. सव्वाबाराला सूप घेऊन दार ढकललं तर ते खिडकीच्या खुर्चीत गार पडलेले, आणि हातात बेलचं बटण.

"म्हणजे त्यांनी बेल वाजवली आणि मी गेले नाही. मॅडम तसंच म्हणतात," रश्मी म्हणाली. "पण बेल वाजलीच नाही काकू. सान्वीची शपथ. हे प्रूव्ह झालं तर मला बार करतील, कुठेच केअरचं काम मिळणार नाही. आणि यांनी काढलं की व्हिसाचे साठच दिवस उरतात. पोरीचे पेपर अर्धे झाले असतील आणि आम्ही विमानात."

ती रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

"कसे बसले होते?" मी विचारलं. उगाच, तिला बोलतं ठेवायला.

"नेहमीसारखेच. समोर टेबलावर देवाची डबी उघडी. मांडीवर हात. डोक्याला ती जांभळी टोपी."

मी शेजारच्या खुर्चीत बसले.

"टोपी डोक्यावर? आणि डबी उघडी?"

"हो. टोपी मीच काढली नंतर." मग तिचा चेहरा बदलला. तिलाही आत्ताच लक्षात आलं होतं.

२

यादीतली पहिलीच वस्तू आसावरीने 'पर्पल कॅप, एक' अशी लिहिली होती. मी ती खोडून वर लिहिलं, सोलिदेओ.

हा शब्द मला आन्सेल्मोंनी पहिल्याच गुरुवारी शिकवला, कारण मी त्या टोपीला नुसती टोपी म्हटलं आणि ते उखडले. तळहाताएवढी, आठ कळ्यांची, डोक्याच्या मागल्या बाजूला बसणारी रेशमी टोपी. पोपची पांढरी, कार्डिनलची लाल, बिशपची जांभळी. शब्द मूळचा लॅटिन, त्याचा अर्थ फक्त देवापुढे. मला वाटलं, फक्त देवापुढे घालायची टोपी. आपल्याकडे कसं, पूजेला बसताना डोक्यावर टोपी, बायकांच्या डोक्यावर पदर, उघड्या डोक्याने देवाला हात लावायचा नाही.

"उलट," म्हातारा म्हणाला होता. "राजा आला तरी मी ही उतरवणार नाही. फक्त देवापुढे उतरवायची. म्हणून सोलिदेओ."

आणि देवापुढे म्हणजे त्यांच्या लेखी अगदी समोर. त्यांच्या खोलीत एक सोनेरी डबी होती, तिच्यात ख्रिस्तप्रसादाची पातळ पांढरी चकती. ती नुसती खूण नव्हे, तो प्रत्यक्ष ख्रिस्त, अशी त्यांची श्रद्धा. रोज अकराच्या सुमाराला ते आधी सोलिदेओ काढून गादीवर ठेवायचे आणि मगच डबी उघडायचे. प्रसाद घेऊन डबी बंद झाली की टोपी परत डोक्यावर. एकदा हिवाळ्यात टक्कल गारठतं म्हणून मी ती घालायला गेले, तर मनगटावर फटका मारला होता मला.

स्पॅनिशमध्ये ज्यू लोकांच्या टोपीलाही कुणीकुणी सोलिदेओ म्हणतात. आमच्या स्टॅनमोरला शनिवारी त्या टोप्या घालून माणसं प्रार्थनेला निघतात, आणि ती देवापुढे टोपी कधीच काढत नाहीत. शब्द एक, वापर बरोब्बर उलटा. यावर आम्ही दोन गुरुवार भांडलो होतो.

हे सगळं रश्मीला माहीत होतं. हात कापायला लागल्यापासून टोपी तीच काढायची आणि अर्धा तास घडी न मोडता हातात धरून दाराबाहेर उभी राहायची. मग पावणेअकराला 'प्रार्थनेला बसलेत' म्हटल्यावर टोपी काढायला का गेली नाही? मी कॉरिडॉरमध्ये परत जाऊन विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, झालं सगळं, बसलेत ते. मला वाटलं मॅडमनी काढली असेल टोपी," ती म्हणाली.

रश्मीने काही लपवायला देखावा मांडला असता तर टोपी पहिली उतरवली असती. म्हणजे मेलेल्या माणसासमोर डबी उघडली ती दुसऱ्या कुणीतरी, आणि टोपी चढवली तीही त्यानेच. ज्याला उघड्या डोक्याचा म्हातारा देवापुढे बसवणं चुकीचं वाटलं, असा माणूस.

आणि त्या रविवारी सकाळी वर जाऊ शकणारी माणसं दोनच होती. डॉ. रघुवीर गोल्फला गेले होते ते एकला आले. बाकी राहिले आसावरी आणि अंबरीश. मी यादी बाजूला ठेवली आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. बेल बघायची होती.

पलंगाच्या कठड्याला बेलचं बटण होतं. त्याची वायर मी ओढून पाहिली. खिडकीची खुर्ची अजून चार पावलं लांब होती आणि वायर संपली होती.

३

अंबरीशला मी खाली औषधांच्या खोलीत गाठलं.

"काकू, तुम्हाला सांगितलं होतं ना."

"बिशपच्या बेलची वायर खुर्चीपर्यंत पोचत नाही. मग बटण त्यांच्या हातात कसं?"

तो गोळ्या मोजत होता तो थांबला. "एक्स्टेन्शन असतं. लाँग लीड."

"आत्ता नाहीये."

"काढलं असेल कुणी. मला काय विचारता?" मग चिडून म्हणाला, "लुक, ते दिवसातून तीस वेळा बेल वाजवायचे. उशी सरकव, पडदा ओढ, रेडिओ बंद कर. डिसेंबरमध्ये मॅडमनी लीड काढून ऑफिसच्या कपाटात ठेवली. मी नाही काढली. रश्मीने तीनदा डायरीत लिहिलं, लीड परत द्या म्हणून. तिसऱ्यांदा मॅडमनी तिलाच वॉर्निंग लेटर दिलं. ॲटिट्यूडबद्दल."

"हे तू कौन्सिलला सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं नाही." त्याने नजर चुकवली. "माझाही व्हिसा इथलाच आहे, काकू. तुम्हाला पासपोर्ट मिळून वीस वर्षं झाली. तुम्हाला बोलायला काय जातंय?"

टोला बसला. खोटा नव्हता, म्हणून जास्त बसला.

"रविवारी सकाळी तू वर गेला होतास?"

"नऊला, औषधं द्यायला. खुर्चीत बसवून दिले मॅडमनी आणि मी. कॉफी घेतली, मला शिवी दिली. ठणठणीत होते. त्यानंतर मी खालीच होतो, ब्रेकफास्टला बावीस माणसं होती, कुणालाही विचारा."

"तेव्हा टोपी कुठे होती?"

"टोपी? पलंगावर पडली होती बहुतेक. केस पुसायचे होते. केस म्हणजे, जे होते ते."

"आणि प्रार्थनेच्या वेळी घालायचे का ते टोपी?"

त्याने माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. "काकू, मी दहा वर्षं मिशनऱ्यांच्या शाळेत काढलीत. चॅपलमध्ये टोपी घालून गेलो तर फादर कान पिळायचे. प्रेयरला टोपी कोण घालेल?"

मी त्याला आणखी काही विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

४

आसावरी ऑफिसात होती. टेबलाच्या कोपऱ्यात छोटे गणपती, ताजं फूल, उदबत्ती विझलेली. धुराचा अलार्म वाजतो म्हणून ती फक्त टेकवून ठेवते. बाई कामाला वाघ आहे, हे मी तिच्या शत्रुत्वातही म्हणत आले. तो डोलारा तिने एकटीने उभा केला. रघुवीर नावाचे मालक.

"यादी झाली?" ती म्हणाली. सहा वर्षांत तोंडाने आलेला पहिला प्रश्न.

"एक शंका आहे. तू त्यांना शेवटचं कधी पाहिलंस?"

"ते माझ्या स्टेटमेंटमध्ये आहे."

"ते वाचायला दे. मार्ता उद्या येतेय, तिला मामाच्या स्पॅनिश वहीचं भाषांतर लागणार आहे. वेळा जुळायला हव्यात."

तिने कागद पुढे सरकवला. सही, तारीख, सगळं शिस्तीत. 'सकाळी १०.४०. बिशप खिडकीच्या खुर्चीत, टोपी घालून, डबी उघडून प्रार्थनेला बसले होते. शांत व प्रसन्न. बेल हातात दिली. दार ओढून घेतले. १०.४५ला रश्मीला चार्ज दिला.'

मी तो दोनदा वाचला. 

"हे तू स्वतः पाहिलंस? टोपी, डबी, सगळं?"

"मग काय स्वप्नात पाहिलं? तुम्हाला नक्की काय म्हणायचंय, सुहासिनी? मंडळातही तुम्ही असंच केलंत. चार लोकांत प्रश्न विचारायचे आणि समोरच्याला चोर ठरवायचं."

"मंडळात तू चोर नव्हतीस. हेकट होतीस."

"आणि आता?"

"आता उद्या बोलू. कौन्सिलची बाई आणि मार्ता दोघींसमोर."

"तुम्ही उद्या येणार नाही आहात. यादी ईमेल करा."

"मार्ताने मला बोलावलंय," म्हणाले. हे खोटं होतं. बाहेर येऊन पार्किंगमधूनच ब्रिस्टलला फोन लावला आणि ते खरं करून घेतलं.

५

शुक्रवारी अकराला विलो हाऊसच्या डायनिंग रूममध्ये आम्ही सातजण होतो. रघुवीर, आसावरी, अंबरीश, कौन्सिलची सेफगार्डिंगवाली बाई, मार्ता, मी, आणि दाराजवळ कोट न काढता बसलेली रश्मी.

मार्ता उंच, थकलेली, आणि रागाने भरलेली होती. रश्मीकडे बघून ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "माझा मामा एकटा मेला, हातात बेल घेऊन. मला या बाईचं लायसन्स गेलेलं बघायचंय."

रश्मीने मान खाली घातली नाही. मला ते आवडलं.

"आधी एक विचारू?" मी मार्ताला म्हटलं. "मामा डबी उघडून प्रार्थनेला बसायचे, तेव्हा टोपीचं काय करायचे?"

"काढायचे. नेहमी." तिला विचार करावा लागला नाही. "लहानपणी मला प्रसाद द्यायला आले तेव्हा ती माझ्याच हातात दिली होती. सांडू नकोस म्हणाले. टोपी काय सांडते? त्यांचं इंग्लिश असं होतं."

कौन्सिलच्या बाईने पेन उघडलं. मी सोलिदेओचा अर्थ आणि त्याची रीत तिला चार वाक्यांत सांगितली. मग आसावरीला म्हटलं, "तुझं दहा चाळीसचं स्टेटमेंट वाच."

"सगळ्यांकडे कॉपी आहे."

"तरी वाच."

तिने वाचलं. टोपी घालून, डबी उघडून, शांत व प्रसन्न. 'प्रसन्न'पर्यंत येताना आवाज जरा घसरला.

"साठ वर्षं हा माणूस उघड्या डबीपुढे टोपी घालून बसला नाही," मी म्हणाले. "तू दहा चाळीसला पाहिलास तो बसला होता. उघड्या डबीसमोर टोपी घालून बसेल असा आन्सेल्मो एकच, आसावरी. मेलेला."



"हे म्हणजे अती झालं," रघुवीर म्हणाले. "म्हातारा माणूस. विसरला असेल काढायला. नव्वदीत डोकं चालतं का?"

"त्यांचं इंग्लिश गेलं होतं, डॉक्टर. देव गेला नव्हता. आणि हात इतके कापायचे की डबीचं झाकण उघडायलाही त्यांना वेळ लागायचा. तेवढ्या वेळात टोपी आठवली नाही? बरं, विसरले म्हणा. मग बेलचं सांगा. वायर खुर्चीपर्यंत पोचत नाही. लांब लीड डिसेंबरपासून ऑफिसच्या कपाटात आहे आणि किल्ली आसावरीकडे. रविवारी ती लीड खोलीत आली, नंतर गुपचूप परत कपाटात गेली. मधल्या वेळात बिशपच्या हातात बेल दिसली पाहिजे, अशी कुणाची गरज होती? रश्मीची? तिला तर ती लीड तीनदा मागून मिळाली नव्हती."

"हे खरं आहे?" कौन्सिलच्या बाईने विचारलं. तिने अंबरीशकडे पाहिलं.

अंबरीशने टेबलक्लॉथची सुरकुती सपाट केली. आपण याला फार ओढतोय, असं मला एक क्षण वाटलंही. मग तो म्हणाला, "लीड मॅडमनी काढून ठेवली होती. डायरीत तिन्ही एन्ट्रीज आहेत. मी दाखवतो."

"अंबरीश," आसावरी म्हणाली.

"सॉरी मॅडम."

मी उरलेलं सांगितलं, कारण आता ते कुणालाही सांगता आलं असतं. नऊला ते खुर्चीत बसले, जिवंत. आसावरी वरच्या मजल्यावर एकटी, नऊ खोल्या, सगळ्यांच्या आंघोळी. नऊ ते साडेदहाच्या मध्ये केव्हातरी आन्सेल्मोंच्या छातीत कळ आली असेल. बेल चार पावलं लांब कठड्याला होती. साडेदहाला ती खोलीत गेली तर ते गेलेले. तिच्या ड्यूटीत, तिने काढलेल्या बेलमुळे. मग तिने त्यांना प्रार्थनेला बसवलं, म्हणजे मरण पावणेअकरानंतरचं आणि दुसऱ्या कुणाच्यातरी ड्यूटीतलं दिसेल. डबी उघडली. लीड आणून बटण हातात दिलं. रश्मीला म्हणाली, आत जाऊ नकोस.

"आणि टोपी पलंगावर होती," मी म्हणाले. "ती तिथेच पडू दिली असतीस तर मी आज इथे नसते. त्यांची प्रार्थना तंतोतंत तशीच दिसली असती. ती तू का घातलीस?"

मला वाटलं होतं ती भांडेल. मंडळात ती पहाटेपर्यंत भांडली होती. पण ती नवऱ्याकडे बघत होती, आणि रघुवीर तिच्याकडे बघत नव्हते.

"डबी उघडली," आसावरी मराठीत म्हणाली, "आणि ते तसेच, बोडक्या डोक्याने. देवासमोर. मला ते बघवेना." मग हळूच, "मी त्यांना हाक मारली होती. दोनदा. उठा म्हटलं."

मार्ताला मराठी येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाली म्हणून. तीस वर्षांत मी अवघड वाक्यं पुष्कळ पोचवली, पण त्या वाक्याला मला वेळ लागला. पोचवलं तेव्हा मार्ता उठून खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मला आसावरीची दया आली, आणि त्याच वेळी तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. बोडक्या डोक्याचा म्हातारा हिला बघवेना. साठ दिवसांत पोरीला घेऊन देश सोडणारी रश्मी मात्र हिने चार दिवस आरामात बघितली.

मी तसं म्हणालेही, तोंडावर. 

६

रश्मीवरचा आरोप त्याच दुपारी मागे घेतला गेला. पण विलो हाऊसचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे बाहेरून माणसं आणायचा परवाना, चौकशीत अडकलं, आणि मी जिंकलेली केस रश्मीला बुडवणार असं दिसायला लागलं. होम बंद तर स्पॉन्सर बंद, आणि साठ दिवस ते साठ दिवसच. अंबरीशचेही तेवढेच. त्याने मला फोन केला आणि पाच मिनिटं जे बोलायचं ते बोलला. मी ऐकून घेतलं. तो खरं बोलला म्हणून अडचणीत आला होता, आणि त्याला ते बोलायला मीच लावलं होतं. सध्या त्याच्यासाठी रोज चार अर्ज मी लिहून देते. तो थँक्यू म्हणत नाही.

रश्मीसाठी शिफारसपत्र लिहिलं ते मार्ताने. ब्रिस्टलच्या एका केअर होमला, दोन पानी. पहिल्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की या बाईला शिक्षा व्हावी असं मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, म्हणून आता जे लिहितेय ते विचार करून लिहितेय. तिथल्या मॅनेजरने रश्मीला दोनच प्रश्न विचारले आणि स्पॉन्सरशिपचे कागद भरले. सान्वी परीक्षेपुरती माझ्याकडे राहणार. तिने येताना स्वतःचा तांदळाचा डबा आणला, कारण माझ्या भाताबद्दल तिचं मत चांगलं नाही.

रश्मी निघाली तेव्हा मी तिला गाडीने स्टेशनवर सोडायला गेले. इंजिन बंद केलं तरी ती उतरेना.

"काकू, त्यांना कळ कधी आली असेल?"

"डॉक्टरला सांगता येत नाही. नऊ ते साडेदहा."

"तेव्हा मी बसमध्ये होते. पिनर रोडवर. सव्वादहाला तर बस सिग्नलला उभीच होती." तिने बॅगेचा पट्टा दोनदा गुंडाळला आणि सोडला. "बेल हाताशी असती, आणि माझी ड्यूटी असती, तर वाचले असते का?"

हे मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. त्र्याण्णव वर्षांचं हृदय ते.

"वाचले असते का, ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "तू गेली असतीस. एवढं मी कुठल्याही कोर्टात सांगेन."

ती मान हलवत राहिली, मग एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली, त्या चार दिवसांत रडली नसेल तशी. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी तिला वाजवू दिला.

ट्रेन सुटायला सात मिनिटं उरली तेव्हा तिने तोंड पुसलं, बॅग उचलली आणि म्हणाली, सान्वीला रात्री फोन देऊ नका, ती झोपत नाही. मी बरं म्हटलं.